हळू चालणारं इंजिन: इंग्लंडचा शंटर, भंडाऱ्याचं पितळ आणि आबाजींचा नियम

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अं' काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

हा भाग आल्यावर तिघाचौघांचे मेसेज आले की मध्ये सव्वादोन मिनिटं ऑडिओ बंद पडलाय. बंद पडलेला नाही. आवाज वाढवून ऐकलात तर बारीक गुरगुर ऐकू येईल. ते माझं इंजिन आहे. एक मीटर रूळ पार करायला त्याला तेवढाच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ लागावा म्हणून मी आठ महिने घातलेत.

आता तुम्ही म्हणाल, मॉडेल ट्रेन म्हणजे खेळणं, ती पळवायची सोडून हळू का चालवायची? तोच आजचा विषय. इंजिनाबद्दल बोलू, थोडं पितळाबद्दल, थोडं कोडबद्दल. आणि आमच्या आबाजींबद्दल, कारण त्यांच्याशिवाय हे मॉडेल कपाटातच राहिलं असतं.

शंटिंग म्हणजे काय, आधी ते

आपल्याला गाडी माहीत असते ती धावणारी. भंडारा रोडला, म्हणजे वरठीला, फलाटावर उभे राहा. हावडा-मुंबई लाइन आहे, गाड्या धडाधड जातात. पण गाडी धावायच्या आधी तिला कुणीतरी जोडलेलं असतं. कुठला डबा पुढे, कुठला मागे, कुठली वाघीण कुठल्या साइडिंगला टाकायची, रिकामी कुठली, भरलेली कुठली. हे डबे ढकलणं, ओढणं, तोडणं, जोडणं म्हणजे शंटिंग. आपल्या जिल्ह्यात तुमसर रोडवरून तिरोडीकडे फाटा जातो. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी त्याच पट्ट्यात आहेत. अशा खनिजाच्या भागात रेल्वेचं अर्धं काम यार्डातच चालायचं.

हे काम करणारं इंजिन वेगळं असतं. त्याला वेग नको असतो, जोर हवा असतो. आणि त्याहून जास्त हवा असतो ताबा. समोर उभ्या वाघिणीला ते हळूच टेकलं पाहिजे. धडकलं तर माल सांडतो, बफर वाकतो, आणि मध्ये माणूस असेल तर पुढचं सांगायला नको.

आपल्याकडे शंटिंगच्या डिझेल इंजिनांच्या नावातच ते असतं. डब्ल्यूडीएस-४, डब्ल्यूडीएस-६ असं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग. त्यातलं डब्ल्यूडीएस-४ चित्तरंजनला बनलं. तीन आस, सहा चाकं, आणि चाकांना बाहेरून जोडणाऱ्या लोखंडी दांड्या. वाफेच्या इंजिनाला असतात ना, तशा. आबाजींचं आयुष्य याच इंजिनांच्या आसपास गेलं. ते सांधेवाले होते, म्हणजे पॉइंट्समन.

मग हे इंग्लंडचं इंजिन कुठून आलं?

झालं असं, की ऑफिसातला एक मित्र इंग्लंडहून परत येताना माझ्यासाठी एक जुनं, सेकंडहँड मॉडेल घेऊन आला. हिरवं, चौकोनी, पुढे लांब नाक आणि मागे केबिन. आतला गिअर तडकलेला, त्यामुळे स्वस्तात मिळालं. कंपनी कुठली हे सांगत नाही. जुन्या प्लॅस्टिकच्या गिअरचं ते होतंच.

खऱ्या इंजिनाचं नाव ब्रिटिश रेल्वेचं क्लास ०८. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत ही ९९६ इंजिनं बनली. डर्बी, डार्लिंग्टन, क्रू, डॉनकॅस्टर आणि हॉर्विच अशा रेल्वेच्याच पाच कारखान्यांत. 'क्लास ०८' हे नाव मात्र नंतर चिकटलं. यातली काही अजून कामावर आहेत. आत इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. ही कंपनी महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या घाटातली डब्ल्यूसीएम-१ ही विजेची इंजिनं १९५०च्या दशकात तिनेच पाठवली होती.

खोकं उघडलं तेव्हा आबाजी शेजारीच बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, नजर अजून बरी आहे. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, उलटं केलं, आणि चाकांच्या दांड्यांवर बोट फिरवलं. म्हणाले, "हे तं आपल्याच इंजिनचं भावंडं दिसते बे."

मी तेव्हा सहज म्हणून टाकलं, "आबाजी, मी हे चालू करून देतो तुम्हाला."

३५० हॉर्सपॉवर, वेग २४ किलोमीटर

आता थोडं इंजिनाचं गणित. क्लास ०८ ची ताकद साधारण ३५० हॉर्सपॉवर. म्हणजे ५० हॉर्सपॉवरचे सात ट्रॅक्टर. फार नाही. आणि कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. आपली लूना त्याला मागे टाकेल.

पण जोर बघा. सुरुवातीला हे इंजिन ३५,००० पाउंड, म्हणजे जवळपास १६ टन जोर लावून ओढू शकतं. हे कसं? शाळेतलं सूत्र आठवा: शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. शक्ती तेवढीच असेल आणि वेग कमी केला, तर जोर वाढतो. इतका जोर लावताना हे इंजिन माणसाच्या चालण्याच्या वेगानेच जाऊ शकतं, त्याहून जोरात नाही. ते चालायलाच बनलेलं आहे.

दुसरी गंमत म्हणजे डिझेल इंजिन चाकांना थेट जोडलेलंच नाही. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज तयार करतो, आणि त्या विजेवर दोन मोटरी चाकं फिरवतात. असं का? कारण डिझेल इंजिन शून्यातून सुरू होऊ शकत नाही. गाडीत आपण क्लच दाबतो तो त्यासाठीच. पण विजेची मोटर उभी असतानाच सगळ्यात जास्त पीळ देते. पन्नास टनांचं इंजिन आणि मागे शेकडो टनांच्या वाघिणी जागेवरून हलवायला हेच हवं असतं.

आणि त्या दांड्या? मोटरी दोनच, आस तीन. दांड्या तिन्ही आसांना बांधून ठेवतात, म्हणजे एखादं चाक एकटंच घसरत नाही. यात एक बारीक मेख आहे. डाव्या बाजूची दांडी आणि उजव्या बाजूची दांडी यांच्यात ९० अंशांचा फरक असतो. सायकलवरून समजून घेऊ. सायकलची दोन पायडलं बरोब्बर समोरासमोर, १८० अंशांवर असतात. त्यामुळे एक पायडल अगदी वर आणि दुसरं अगदी खाली असलं, की कितीही दाबा, सायकल सुटत नाही. आपण पायाने पायडल थोडं पुढे घेतो ना, ते यासाठी. ९० अंश ठेवले तर एक बाजू त्या मेलेल्या जागी असते तेव्हा दुसरी पूर्ण जोरात असते. अडकायचा प्रश्नच नाही.

७६ पट लहान करताना काय बिघडतं

माझं मॉडेल १:७६ प्रमाणाचं आहे, याला डबल ओ म्हणतात. खरं इंजिन ८.९ मीटर लांब, मॉडेल साधारण ११७ मिलिमीटर. मोबाइलपेक्षा छोटं.

या डबल ओ मध्ये एक जुनी चलाखी आहे. रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. हे खरं तर १:८७ प्रमाणाचं माप. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. त्या काळच्या मोटरी १:८७ च्या ब्रिटिश इंजिनात मावत नव्हत्या. मग त्यांनी अंग ७६ पटीने लहान केलं आणि रूळ ८७ चे ठेवले. त्यामुळे प्रत्येक डबल ओ इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. आपल्या ब्रॉडगेजचं तर विचारूच नका. १६७६ मिलिमीटर भागिले ७६, म्हणजे २२ मिलिमीटर रूळ हवेत. तसे तयार मिळत नाहीत.

लांबी ७६ पट कमी झाली. पण वजन? वजन लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींवर अवलंबून. ७६ चा घन काढा: चार लाख ३८ हजार ९७६. पन्नास टन भागिले एवढं, उत्तर येतं ११४ ग्रॅम. एका मोठ्या बटाट्याएवढं. खरं इंजिन बंद केलं तरी वजनाच्या जोरावर घरंगळत राहतं. मॉडेलला तो भारदस्तपणा नाही. करंट तुटला की ते जागीच थिजतं, करंट आला की उडी मारतं. खेळण्यातल्या गाड्या पळताना छान दिसतात आणि हळू चालताना भिकार, त्याचं कारण हे.

पहिला प्रयत्न

मी आधी सोपा रस्ता घेतला. गिअर बदलला, बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि रेग्युलेटर लावला, रूळ मांडले. इंजिन सुटलं ते सूंऽ करत टेबलाच्या टोकाला. मला फार आनंद झाला. आबाजींनी बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मी विचारलं, कसं वाटलं?

"हे तं पयते बे. शंटिंगचं इंजिन पयत नसते, चालते."

मग मी हिशेब केला. ताशी २ किलोमीटर, म्हणजे वाघिणीला टेकायच्या आधीचा वेग. भागिले ७६. सेकंदाला ७.३ मिलिमीटर. मुंगी याच्यापेक्षा जोरात जाते. चाकाचा व्यास १८ मिलिमीटर, म्हणजे चाक मिनिटाला आठपेक्षा कमी फेरे घेणार. मोटर मात्र बारा व्होल्टवर मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेते. एवढी हळू ती चालतच नाही, चुंबकाच्या ओढीने अडकत अडकत फिरते.

म्हणजे आतला सांगाडाच नवा करायला हवा होता. त्यात ६० ला १ चा गिअर, म्हणजे मोटर ६० वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. मग ताशी २ किलोमीटरला मोटर मिनिटाला ४६५ च्या आसपास फेरे घेते. हे जमण्यासारखं आहे. आणि पूर्ण वेगाला, ताशी २४ किलोमीटरला, साडेपाच हजार. तेही जमतं. मोटर आणि गिअर मागवले. सांगाडा कशाचा करायचा, याचं उत्तर गावातच होतं.

पितळ

भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव, हे बाहेरच्यांना फार माहीत नसतं. आपल्याकडे लग्नाची गुंडी, कोपर, परात इथलीच. आता स्टील आल्यापासून धंदा बसलाय, पण काही कासार अजून काम करतात. इंग्लंडमध्ये हौशी लोक मॉडेल इंजिनांचे सांगाडे पितळेच्या पातळ पत्र्यातूनच करतात, कारण पितळ सहज कापलं जातं, गंजत नाही आणि त्याला डाग चांगला बसतो. डाग म्हणजे सोल्डरिंग. मी कासारआळीत गेलो आणि एक मिलिमीटरचा पत्रा मागितला. काकांनी विचारलं, कायले? मी फोनवर चित्र दाखवलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

मी इलेक्ट्रॉनिक्सचं सोल्डरिंग केलेलं होतं, त्यामुळे जरा ताठ्यात होतो. घरी डाग द्यायला बसलो तर कथील नुसतं गोळा होऊन गडगडायला लागलं. परत काकांकडे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या तशाच देतो.

एक, पत्रा आधी घासायचा आणि लगेच डाग द्यायचा. हवेत ठेवलं की पितळेवर बारीक थर चढतो आणि कथील त्या थराला धरत नाही. फ्लक्स तोच थर खातो. कल्हईवाले नवसागर टाकतात तेही याचसाठी.

दुसरं, कथील तापवायचं नाही, पितळ तापवायचं. पितळ उष्णता भराभर पसरवतं, आपली छोटी इस्त्री टेकवली की सगळी उष्णता पत्रा पिऊन टाकतो आणि सांध्याला काही उरत नाही. मोठं टोक लावा, पत्रा तापू द्या, कथील आपोआप धावेल. ते १९० अंशांच्या आसपास वितळतं. पितळ वितळायला ९००. मध्ये भरपूर जागा आहे, घाबरायचं कारण नाही.

सांगाडा झाला. दांड्यांचा ९० अंशांचा कोन जुळवायला तीन रविवार गेले. तिन्ही आसांवर कोन नेमका ९० नसला तरी एकवेळ चालतं, पण तिन्हींवर सारखा पाहिजे. माझ्या मधल्या आसावर तो थोडा हुकला होता आणि इंजिन दर फेऱ्याला लंगडायचं. शेवटी लाकडाच्या ठोकळ्यात खाचा करून तिन्ही आस एकाच साच्यात दाबले, तेव्हा सरळ झालं.

वजन कमी पडत होतं. आपला जिल्हा तलावांचा. मासे धरायच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या बाजारात मिळतात. त्या नाकात भरल्या आणि इंजिन दोनशे ग्रॅमच्या पुढे गेलं. (शिसं हाताळलं की हात धुवा. डाग देताना खिडकी उघडी ठेवा. आईने हे एपिसोडमध्ये सांगायलाच लावलंय.)

आता कोड

इथे माझं घर आलं असं मला वाटलं होतं.

मोटरला कमी व्होल्टेज देऊन हळू चालवता येत नाही, ती अडकते. म्हणून पूर्ण व्होल्टेज द्यायचं, पण तुकड्यातुकड्यांत. सेकंदात हजारो वेळा चालू-बंद. चालू जास्त वेळ तर वेग जास्त. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. तुमच्या फोनच्या स्क्रीनचा उजेडही बऱ्याचदा असाच कमी होतो.

पण मोटर खरंच किती वेगाने फिरतेय हे कसं कळणार? आत सेन्सर बसवायला जागा नाही. इथे एक सुंदर युक्ती आहे. फिरणारी मोटर स्वतःच छोटा जनरेटर असते. तिचा पुरवठा मिलीसेकंदभर बंद करायचा आणि तेवढ्यात तिच्या टोकांवर किती व्होल्ट आहेत ते मोजायचं. याला बॅक ईएमएफ म्हणतात. माझ्या मोटरला हजार फेऱ्यांना साधारण एक व्होल्ट मिळतो. म्हणजे ताशी २ किलोमीटरला अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी. तेवढं आर्डुइनोला वाचता येतं.

मग कोड सरळ आहे. हवा तेवढा वेग आणि मोजलेला वेग यांच्यातला फरक काढा. कमी पडतोय, तर जोर वाढवा. फरक बराच वेळ तसाच राहिला, तर तो साठवत जा आणि आणखी वाढवा. एसीचा थर्मोस्टॅट, ड्रोन, गाडीचा क्रूझ कंट्रोल, सगळीकडे याचीच भावंडं आहेत.

एका शनिवारी रात्री ते चाललं. खरंच चाललं. सेकंदाला सात मिलिमीटर, दांड्या हळूहळू वर-खाली. मी आबाजींना उठवलं.

उडी

आबाजींसाठी मी दोन वाघिणी ठेवल्या होत्या. जुन्या ब्रिटिश वाघिणींना तीन कड्यांची साखळी असते. एका वाघिणीची साखळी दुसरीच्या हुकात अडकवायची. मॉडेलमध्ये ती साखळी इवलीशी, तारेच्या हुकाने उचलून टाकायची. आबाजी म्हणाले, मी जोडतो.

इथे सांगायला हवं. आबाजींच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, एका यार्डात, कपलिंग जोडताना गेली. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी काही विचारत नाही.

इंजिन वाघिणीकडे येत होतं. आबाजींचा हात मध्ये. रुळावर एका जागी धूळ होती. चाकं तिथे पोचली, करंट तुटला, इंजिन थांबलं. एक सेकंद, दोन सेकंद. आणि मग त्याने उडी मारली. वाघिणीवर आदळलं, वाघीण टेबलावरून खाली.

आबाजींनी हात मागे घेतला होता. दोनशे ग्रॅमच्या खेळण्याने काय होणार? काहीच नाही. पण त्यांनी हात ज्या वेगाने मागे घेतला, तसा वेग मी ऐंशीच्या माणसात कधी बघितला नव्हता. नंतर तो हात बराच वेळ त्यांनी दुसऱ्या हातात धरून ठेवला.

काय झालं होतं ते मला दहा मिनिटांत कळलं. करंट तुटल्यावर माझ्या कोडला बॅक ईएमएफ शून्य दिसला. कोडने समजून घेतलं, इंजिन थांबलंय, जोर वाढवा. तरी शून्यच. आणखी वाढवा. दोन सेकंदांत साठलेला जोर पूर्ण टोकाला गेला. मग धुळीतून एखादं चाक टेकलं आणि तो सगळा जोर एकदम बाहेर आला. कंट्रोल इंजिनिअरिंगमध्ये या साठण्याला नाव आहे, इंटिग्रल वाइंडअप. बीटेकला मला यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता. मी पाठ केलेलं उत्तर लिहिलं होतं.

मी आबाजींना म्हटलं, माझी चूक झाली, इंजिन दिसलंच नाही मला, मला वाटलं ते उभं आहे.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ड्रायव्हरलेही तसंच वाटलं होतं."

त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. धुकं होतं. ते दोन डब्यांच्या मध्ये होते. त्यांचा दिवा ड्रायव्हरला क्षणभर दिसेनासा झाला. ड्रायव्हरला वाटलं, काम झालं असेल. वाईट माणूस नव्हता तो, पुढे कितीतरी वर्षं घरी यायचा. पण यार्डात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट त्या क्षणी तो विसरला. "दिवा दिसला नाही तं थांबाचं. अंदाज नाही कराचा."

तो नियम कोडमध्ये

माझ्या कोडमध्ये नेमका हाच घोळ होता. 'वेग शून्य आहे' आणि 'वेग मला दिसत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दोन्हींना शून्यच लिहिलं होतं. आपण सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. सर्व्हरचं उत्तर आलं नाही, की रिकामी यादी दाखवतो. सेन्सर तुटला, की शून्य.

दुरुस्ती तीन ओळींत सांगतो. एक, मोटरच्या वाटेत छोटा रेझिस्टर टाकला आणि करंट मोजायला लागलो. करंटच वाहत नसेल तर इंजिन थांबलेलं नाही, ते मला दिसत नाहीये. दोन, दिसत नाही म्हणजे साठवलेला जोर लगेच शून्य. पुन्हा करंट वाहायला लागला तरी सुरुवात अगदी तळापासून. तीन, साठवणीला आणि वाढीच्या वेगाला कमाल मर्यादा. खऱ्या पन्नास टनांना जेवढा वेळ लागेल, तेवढाच मॉडेललाही लागणार.

त्या फंक्शनचं नाव मी 'दिवा_दिसतो_का' असं ठेवलंय. शिवाय सहाही चाकांना पितळी पात्या लावून करंट घ्यायची सोय केली आणि दर वेळी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. पण हे नंतरचं. करंट तुटणारच नाही अशी आशा ठेवायची नाही, तुटल्यावर काय करायचं ते आधी ठरवायचं.

ती काठी

साखळ्या जोडायच्या तारेच्या हुकाबद्दल आबाजींनी विचारलं, खरंच असं असायचं का? मी त्यांना जुने फोटो दाखवले. ब्रिटनच्या यार्डांमध्ये शंटरकडे लांब लाकडी काठी असायची, टोकाला पिळलेला लोखंडी हुक. तिला शंटिंग पोल म्हणत. तीन कड्यांची साखळी बाजूला उभं राहून त्या काठीने उचलायची, डब्यांमध्ये शिरायची गरज नाही. तिथेही अपघात व्हायचे, ते काम तिथेही धोक्याचंच होतं. पण निदान हात बाहेर राहायचा. आबाजींच्या काळातलं स्क्रू कपलिंग आवळायला मात्र मध्येच जावं लागायचं. आता आपल्या मालगाड्यांच्या वाघिणींना मधोमध आपोआप अडकणारं कपलर असतं, आणि आख्खा रेक एकदम भरून एकदम जातो, त्यामुळे सुटं शंटिंग पुष्कळ कमी झालंय.

फोटोतल्या काठीकडे ते बराच वेळ बघत होते. "लंबी काठी होती तं," एवढंच म्हणाले.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर

बरेच जण विचारतात म्हणून. इंजिनापासून सुरुवात करू नका, एका वाघिणीपासून करा. चार चाकं, सरळ खोका, मोटर नाही. डाग देणं, रंग, मापं सगळं त्यात शिकता येतं. बघायला जायचं तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊ जोशी यांनी हौसेतून उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, घाट, पूल, सगळं चालतं. आणि आपल्या जवळ नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, २००२ पासून. तिथे मॉडेल नाही, खरी जुनी इंजिनं हात लावून बघता येतात. दांड्या, बफर, कपलिंग जवळून बघा, मग मॉडेलमध्ये काय कुठे जातं ते डोक्यात बसतं.

आणि कुणाच्या घरी रेल्वेतले आजोबा असतील तर मॉडेल त्यांना दाखवा. युट्यूबवर नाही ते कळतं.

ऑडिओतली ती सव्वादोन मिनिटं म्हणजे शेवटची चाचणी. एक मीटर रूळ, मध्ये मी मुद्दाम धुळीचा पट्टा ठेवला होता. इंजिन तिथे थांबलं. उडी मारली नाही. मी बोटाने अगदी हलकं पुढे सरकवलं, तर तळापासून सुरू होऊन पुन्हा त्याच चालीने निघालं आणि वाघिणीला टेकलं. बफरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आलाच नाही, इतकं हळू. आबाजींनी तारेचा हुक उजव्या हातात धरला आणि डावा हात टेबलावर टेकवला. साखळी तिसऱ्या प्रयत्नात अडकली. तुम्हाला शेवटी जो आवाज ऐकू येतो, "हं, ने आता", तो त्यांचा.

पुढच्या भागात वाघिणींवर बोलू. तोवर प्रश्न असतील तर पाठवा. कोड मागणाऱ्यांना देतो, पण त्यातलं फंक्शनचं नाव बदलू नका.